मुक्कामी गाडीचं टेंडर कोण भरणार?

एसटी विकणार का, असं कुणी विचारलं की मला हसू येतं. विकायला कशाला लागतंय? स्वतःच्या गाड्या कमी करायच्या, भाड्याच्या वाढवायच्या. पाटी तीच ठेवायची.

2017 ला शिवशाही आली तेव्हापासून बघा. बऱ्याच गाड्या खासगी मालकाच्या, ड्रायव्हर त्याचा, कंडक्टर तेवढा महामंडळाचा. मालकाचा हिशेब किलोमीटरवर. गाडीत चार माणसं असोत नाहीतर चाळीस, त्याचं भाडं ठरलेलं. सीट रिकामी राहिली तर तोटा एसटीचा! 5150 इलेक्ट्रिक गाड्यांचा करारही भाड्याचाच. इलेक्ट्रिकला माझा विरोध नाही. कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, डिझेलचा धूर खाणारा माणूस विरोध करेलच कसा?

पहिली एसटी पुणे–अहमदनगर धावली 1 जून 1948 ला. तेव्हा कोल्हापूर अजून संस्थान होतं, विलीनीकरण पुढच्या वर्षीचं. त्यानंतर ‘गाव तिथे एसटी’ म्हणत ही गाडी गगनबावडा, दाजीपूर, चंदगडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत गेली. मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या पोरांना सांगावं लागतं. शेवटची फेरी गावात थांबणार, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर गाडीतच झोपणार, पहाटे कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन परत. जाताना निम्मी रिकामी. नफ्याच्या वहीत ही फेरी बसतच नाही.

‘खासगी करा, सुधारेल’ म्हणणाऱ्यांनी वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी खासगी जीप, बघितलंय की. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, अन् जिथं भरत नाही तिथं जातच नाही. वडापवाल्याला दोष नाही, त्याला गाडीच्या कर्जाचे हप्ते आहेत. पण एसटीनं सवलतीत पोरी न्यायच्या, म्हातारी माणसं फुकट न्यायची, आडगावं सांभाळायची, आणि वर तिला ‘तोट्यातलं महामंडळ’ म्हणायचं? सवलत सरकारची, तर तिचे पैसे वेळच्या वेळी देणंही सरकारचंच काम.

ब्रिटननं 1986 ला लंडन सोडून बाकी देशात बस बाजाराच्या हवाली केली, सरकारी नॅशनल बस कंपनी तुकडे करून विकली. जवळपास 40 वर्षांनी, जानेवारी 2025 पर्यंत, मँचेस्टरनं आपल्या बसचा ताबा परत घेतला. गाड्या आजही तिथं खासगी कंपन्याच चालवतात. पण रूट, तिकीट, वेळापत्रक सार्वजनिक यंत्रणा ठरवते, आणि त्यासाठी तिला डेपो पैसे मोजून विकत घ्यावे लागले.

आपल्याकडं डेपो आहेत. स्टँड आहेत, तेही शहराच्या मोक्याच्या जागी. ‘विकासा’च्या नावाखाली त्या जागा कुणाला, किती वर्षांच्या करारानं जाणार, हे आपल्या आमदाराला विचारा की राव. पुढच्या सभेत मी विचारणार आहे.