मसालेभाताचा पंचनामा

केळवण भाचीचं, मसालेभात उरला आमच्याकडे. रात्रभर ओट्यावर झाकून राहिला आणि सकाळी तो टाकायला मी पातेलं घेऊन कचरागाडीपाशी गेलो. हकीगत इथेच संपायला हवी होती. पण 2017 साली स्वच्छतेत देशात पहिला नंबर आल्यापासून इंदुरात कचरा टाकणं ही कुणाची खाजगी बाब नाही. ओला कुठे, सुका कुठे, प्लास्टिक कुठे, यावर गल्लीची नजर असते. आणि आमच्या गल्लीची नजर म्हणजे समोरचे नाना.

“काय आहे रे त्यात?”

“रात्रीचा भात, नाना.”

“उघड.”

उभी हयात पाटबंधारे खात्यात ‘उघड’ म्हणण्यात घालवलेला माणूस. आपला हात आपोआप झाकणाकडे जातो.

नानांनी पातेल्यात नाक घातलं. अक्षरशः. मग वर बघून म्हणाले, “वास येतोय? नाही ना? मग टाकतोस काय? फोडणी दे!”

“वासाचा संबंध नाही, नाना. बॅसिलस सेरियस म्हणून जंतू असतो. तांदळातले त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास उबेत राहिला की ते वाढतात, विष करतात. आणि ते विष फोडणीनेही जात नाही.”

“कुठला हा सेरियस? आपल्याकडचा नाही वाटतं.”

गाडीवरच्या पोराने तोवर पातेल्यात डोकावून घेतलं होतं. “भिया, इसमें तो काजू बी पड़े हैं!”

झालं. वरच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला, “अगं बाई, काजू टाकताय?” शेजारच्या फाटकात दोन माणसं उभी राहिली. मी म्हणालो, वाया कुठे जातोय, शहराच्या ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाला गॅस होतो, त्यावर सिटी बस चालते. “म्हणजे काजूवर बस चालवणार?” नाना म्हणाले, आणि त्यांनी दोन बोटांनी एक काजू उचलून तोंडात टाकला. चावला. गिळला. “घे. झालं काही?”

“लगेच नाही होत. अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही उलट्या सुरू होतात.”

नानांनी घड्याळ पाहिलं. साडेसात. “मग दीडला भेटू.”

मला राग नानांचा नाही. थोडा आहे. खरा राग ‘निवू दे, मग ठेवते’ या वाक्याचा आहे. हे वाक्य आमच्या घरात जेवणं उरकली की कुणीतरी उच्चारतं आणि झोपायला जातं. गरम वस्तूने फ्रिज बिघडतो म्हणे! अख्खं पातेलं गरमागरम आत कोंबू नये, कबूल. पण मोठ्या पातेल्यातला भात मधोमध पहाटेपर्यंत कोमट राहतो, आणि पाच ते साठ अंश हाच तर जंतूंचा सुखाचा काळ. उथळ डब्यांत पसरला की वाफ जाते, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जातो. मे महिन्यातल्या इंदुरात तर एकच तास धरायचा. मी हे रात्री सांगितलं होतं. उत्तर आलं, फ्रिजमध्ये जागा नाही. नसणारच. तिथे वाटीभर चटणी, अर्धं लिंबू, कुणाच्या तरी मुंजीतला लाडू आणि कुणीच दावा न सांगितलेली एक आमटी मुक्काम ठोकून होती. उरलेलं अन्न तीन-चार दिवसांत संपवायचं, नाहीतर आधीच उणे अठराच्या फ्रीझरमध्ये तारीख लिहून टाकायचं. पण आमच्याकडे आमटीचा वाढदिवस साजरा होतो, टाकत कुणी नाही. अन्न टाकणं पाप. ते ओट्यावर सडवणं मात्र कुणाच्याच खात्यावर लागत नाही. रात्री विसरणारे सगळे निर्दोष, आणि सकाळी पातेलं उचलणारा एकटा पापी!

दीडला घंटी वाजली. दारात नाना, धुतलेला सदरा, भांग पाडलेला. “बघ,” म्हणाले, “ठणठणीत.” एका काजूवरून सगळ्या भाताचा निकाल लागत नाही, नशीब म्हणूनही एक गोष्ट असते, हे मी सांगायला लागलो, पण आतून बायको म्हणाली, “या ना नाना, श्रीखंड घ्या थोडं.” श्रीखंड मात्र रात्रीच फ्रिजमध्ये गेलं होतं. त्याला जागा झाली होती.

कालपासून गल्लीत नानांचा सल्ला चालू झालाय. आमच्याच आत्याने फ्रीझरमधला, माझ्या हाताने तारीख घातलेला वरणाचा डबा सकाळी आठला ओट्यावर वितळायला काढला आणि दुपारी जेमतेम कोमट करून वाढला. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचा असतो, आणि मग चांगला उकळी फुटेपर्यंत तापवायचा, असं म्हणालो तर म्हणाली, “काही होत नाही. नानांना विचारलंय.”