जागतिक प्रदर्शन भरवू इच्छिणाऱ्यांस चार सूचना

भरवा, जरूर भरवा. नमुना म्हणून अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराचं १९०४ सालचं प्रदर्शन डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे कुठे अडायला होणार नाही.

आधी निमित्त शोधा. शताब्दीसारखं सोयीचं निमित्त नाही. अमेरिकेने १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुईझियाना प्रांत दीड कोटी डॉलरांना विकत घेतला. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांना विचारायचं राहून गेलं, पण निमंत्रणपत्रिकेत सगळंच कुठे मावतं? शताब्दी १९०३ ची आणि तोवर काम झालेलं नाही, तरी घाबरू नका. ३० एप्रिल १९०३ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना बोलावून अर्धवट इमारतींचं लोकार्पण उरकण्यात आलं आणि दारं बरोब्बर एका वर्षाने उघडली. पैशाचं गणित सोपं: पन्नास लाख केंद्राचे, पन्नास लाख शहराच्या रोख्यांचे, पन्नास लाख नागरिकांच्या वर्गणीचे. बेरीज दीड कोटी. ज्या किमतीत प्रांत आला, त्याच किमतीत त्याचा वाढदिवस! तेवढ्यात भागलं नाही, म्हणून सरकारकडून आणखी ४६ लाख उसने घेतले. ते त्यांनी फेडले, पण तेवढं अनुकरण करायची गरज नाही.

आता महाल. जागा सुमारे १,२७० एकर, मधे येणारी नदी लाकडी पाटात घालून टाकायची. दगडाच्या भानगडीत पडू नका. लाकडाचा सांगाडा उभा करा. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये थोडं सिमेंट घालून पाण्यात कालवा, साच्यात ओता आणि घट्ट व्हायच्या आत त्यात तागाचे धागे दाबा, नाहीतर पत्रा वाळल्यावर कडा मोडतात. अर्धा इंच जाडी पुष्कळ झाली. हे पत्रे सांगाड्यावर ठोकायचे, सांध्यांवर लिंपण द्यायचं आणि वरून रंग. पन्नास पावलांवरून रोम दिसतं. सांध्यातून पाणी शिरतं, थंडीत त्याचा बर्फ होतो आणि खांबाचा तुकडा निखळतो. प्लास्टरचा गणपती पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून १ डिसेंबरला आवरतं घ्या. एकच इमारत पक्की बांधा, चित्रांसाठी. जळाऊ लाकडाच्या मांडवात आपली चित्रं ठेवायला कोणी धजत नाही. वास्तुकार कॅस गिल्बर्टने आखलेला तो कलामहाल आज शहराचं कलासंग्रहालय आहे. माणसांसाठी मात्र लाकूड आणि प्लास्टर चालतं.

पाण्याकडेही बघा. सेंट लुईसच्या नळाला मिसिसिपीचा गाळ यायचा आणि धबधबे चहाच्या रंगाचे दिसले असते. मग मार्च १९०४ मध्ये पाण्यात चुना आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकायला सुरुवात झाली. लोखंडाचा चिकट साका धरतो, त्याला गाळ बिलगतो आणि दोन्ही तळाशी बसतात. शहराने इतकी वर्षं ते गढूळ पाणी प्यायलं, निवळलं ते पाहुणे यायच्या तोंडावर. पाणीपुरवठ्याच्या कामाला मुदत कशी द्यावी, हे यावरून शिका.

खरी गर्दी खेचायची तर यंत्रं नकोत, माणसं मांडा. अमेरिकेने स्पेनशी झालेल्या १८९८ च्या युद्धानंतर फिलिपीन्स ताब्यात घेतलं होतं. तेव्हा ४७ एकर राखून अकराशेच्या वर फिलिपिनो माणसं आणवली. मांडणीत कसब हवं. एका टोकाला लंगोटीतले डोंगरी इगोरोत जमातीचे लोक, दुसऱ्या टोकाला गणवेशातले शिपाई, म्हणजे आपल्या राजवटीने केलेली प्रगती प्रेक्षकाला चालता चालता कळते. अडचण एवढीच की प्रेक्षक पहिल्याच टोकाला गर्दी करतात. वॉशिंग्टनहून इगोरोतांना चड्ड्या घालण्याची सूचना आली, तर शास्त्रज्ञच नाराज झाले: नमुना बिघडतो!

अमेरिकी सैन्याशी लढलेला अपाची योद्धा जेरोनिमो, त्याला युद्धकैदी म्हणून पहाऱ्यात आणा. त्याचा फोटो पंचवीस सेंटला विकला जायचा, त्यातले दहा त्याचे. सहीचे पैसे मात्र सगळे त्याचे, म्हणजे अन्याय झाला असं कोणी म्हणायला नको. काँगोहून आणलेला ओटा बेंगा आपले तासलेले दात दाखवायचे पाच सेंट घेई. त्याच्या परतीची काळजी तुम्ही करू नका. दोन वर्षांनी तो न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात, माकडांच्या घरात दिसला. १९१६ मध्ये त्याने स्वतःला गोळी घातली. प्रदर्शनाच्या हिशेबात हे धरत नाहीत.

ऑगस्टच्या १२ आणि १३ तारखांना याच मंडळींच्या, सरावाशिवाय, शर्यती लावल्या. काही जण शेवटच्या फितीखालून वाकून गेले. अनुमान तयारच होतं: मागास. महिनाअखेर प्रदर्शनाच्याच जोडीने भरलेल्या ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली, त्यात प्रगत मंडळी धावली. रस्ता धुळीचा, पाणी जवळपास नाहीच. पहिला आलेला फ्रेड लॉर्झ बराच पल्ला मोटारीत बसून आला होता. खरा विजेता थॉमस हिक्स स्ट्रिकनाईन नावाचं विष आणि ब्रँडी यांच्या जोरावर पोचला. त्यावरून मात्र कोणत्याही वंशाबद्दल अनुमान काढायचं नसतं.

शेवटी मोडतोड. शिकागोच्या एका पाडकाम कंपनीला सगळं साडेचार लाख डॉलरांना विकून मोकळे व्हा. प्रचंड ऑर्गन तेरा मालडब्यांत भरून फिलाडेल्फियाच्या दुकानात गेला. शिकागोहून आणलेला महाकाय पाळणा ११ मे १९०६ ला सुरुंगाने उडवला.

उरतो वारसा, तो खाण्यापिण्यात शोधा. आईस्क्रीमचा कोन आमच्याकडेच जन्मला म्हणून सांगा. न्यूयॉर्कच्या इटालो मार्चिओनीला खाता येणाऱ्या कपांच्या साच्याचं पेटंट १९०३ च्या डिसेंबरात मिळालं होतं, पण ते कोण उकरतंय! थंड चहाचंही तसंच: उकाड्यात गरम चहा खपेना, म्हणून भारतीय चहाचा प्रचार करणाऱ्या रिचर्ड ब्लेचिन्डनने त्यात बर्फ टाकला, ही गोष्ट छान रंगते. त्याची कृती १८७० च्या दशकातल्या अमेरिकी पाकपुस्तकात छापलेली आहे. कोणी ते पुस्तक घेऊन आलाच, तर त्याला बसवा आणि आधी एक पेला थंड चहा द्या.