बँजो काढला तर ‘फिअरलेस’मध्ये काय उरते?

शनिवारी संध्याकाळी वाचनालयासमोरच्या कट्ट्यावर अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या ‘फिअरलेस’ या अल्बमवरून वाद पेटला, आणि तो पेटवला आमच्यातल्या गिटार वाजवणाऱ्या मित्राने. हा अल्बम मुळात पॉपच आहे, बँजो आणि फिडल ही तंतुवाद्ये म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्यातले ‘लव्ह स्टोरी’ हे गाणे पॉप रेडिओकडे पाठवताना कंट्रीची, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या शैलीची, वाद्ये मागे सारून इलेक्ट्रिक गिटार पुढे आणलेली वेगळी आवृत्ती केली होती, हा त्याचा पुरावा. जे काढले तरी गाणे उभे राहते, त्याला पाया कसे म्हणायचे, असे त्याने विचारले.

प्रश्न रास्त आहे. पण तो पाया भलत्या जागी शोधत होता, असे मला वाटते. कंट्रीचा जीव वाद्यांपेक्षा गोष्ट सांगण्याच्या रीतीत आहे. कंट्रीचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या गीतकारांची जुनी हातोटी अशी, की ध्रुवपद तेच राहते, मात्र कडव्यांनी गोष्ट पुढे नेल्यामुळे दर खेपेस त्याचा अर्थ बदलतो आणि शेवटी कधी शब्दही बदलतात. ‘लव्ह स्टोरी’त अखेरच्या ध्रुवपदाला पट्टी वर चढते, आतापर्यंत विनवणारी ज्युलिएट थांबते आणि रोमिओ तिला लग्नाची मागणी घालतो. ‘द बेस्ट डे’ पाच वर्षांच्या मुलीपासून सुरू होते. तेराव्या वर्षी मैत्रिणी तिला टाळतात, तेव्हा आई तिला गाडीतून पुरेशा लांबच्या गावात नेते आणि त्या मुलींची नावे विसरेपर्यंत दोघी दुकानांच्या काचांतून पाहत हिंडतात. बँजो काढा, हे गाव राहतेच.

यावर एका मैत्रिणीने शंका काढली, की ही कारागिरी मुलीची की नॅशव्हिलच्या सराईत हातांची? नोव्हेंबर 2008 मध्ये अल्बम आला तेव्हा टेलर 18 वर्षांची होती, निर्मितीत नेथन चॅपमन सोबत होता आणि चार गाण्यांच्या लेखनात लिझ रोझचा वाटा होता, हे खरेच आहे. परंतु 13 पैकी सात गाणी तिने एकटीने लिहिली आहेत, आणि वर सांगितलेली दोन्ही त्या सातांतली. 2010 च्या ग्रॅमीत वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान मिळवणारी ती तोवरची सर्वांत तरुण कलाकार ठरली, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

पुढे 2019 मध्ये मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी दुसऱ्याकडे गेली, तरी गीतकार म्हणून गाण्यांवरचा तिचा हक्क शाबूत होता. त्याच बळावर 2021 मध्ये तिने सारा अल्बम पुन्हा गाऊन काढला. मित्राला हे पटले, तरी ‘फिफ्टीन’ त्याला 2008 च्याच आवाजात हवे आहे. मला मात्र 31 वर्षांच्या आवाजातले अधिक भिडते, कारण पंधराव्या वर्षाकडे मागे वळून पाहणारे ते गाणे आता खरोखर दुरून ऐकू येते.