घर पाहावं जाऊन

"तुझ्याकडे येऊन आम्ही पाहिलं काय, तर मॉल," असं बाबांनी तिसऱ्या आठवड्यात जाहीर केलं आणि माझ्या डोक्यात संस्कृतीचा किडा वळवळला. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नेऊन मी त्यांना 'अमेरिकन गॉथिक' हे चित्र दाखवलं. टक्कल पडलेला चष्मेवाला, हातात दाताळं, शेजारी भाजी करपल्यासारखा चेहरा केलेली बाई, मागे पांढरं लाकडी घर आणि त्या घराला चर्चला शोभावी अशी टोकदार खिडकी.

"एवढंसंच?" आई म्हणाली. चित्र जेमतेम अडीच फूट उंच आहे.

त्यावर मी म्हणालो, "ते घर अजून उभं आहे. आयोवात. जाऊ या की!" या वाक्याबद्दल बायकोने मला अद्याप माफ केलेलं नाही.

शनिवारी पहाटे दशम्या, लसणीची चटणी आणि बाबांची गुडघ्याची उशी घेऊन निघालो. मिसिसिपी आली तेव्हा आईने गाडीतूनच हात जोडले आणि नाणं टाकायला काच खाली करायला सांगितली. हायवेवर ते जमणार नाही म्हटल्यावर पुढची वीस मैलं गाडीत शांतता. मग मका सुरू झाला. डावीकडे मका, उजवीकडे मका. "एवढा मका खातं कोण?" बाबांनी विचारलं. बराचसा डुकरं खातात आणि बऱ्याचशाचं इथेनॉल होतं, हे ऐकून आईने हातातली दशमी एकदा उलटसुलट करून पाहिली.

पाचेक तासांनी एल्डन आलं. वस्ती हजाराच्या आतली. आणि घर? घर म्हणजे... घरच. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "किती स्क्वेअर फूट?"

"तळमजला साधारण पाचशे."

"कार्पेट की बिल्टअप?"

डोंबिवलीतला आमचा फ्लॅट पाचशे दहा आहे. त्याच्याएवढंच घर बघायला मुलाने पाच तास गाडी हाकली, हे बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. मी घाईघाईने इतिहास काढला. घर १८८१-८२च्या सुमाराचं. चित्रकार ग्रँट वुड आयोवाचाच. १९३०मध्ये तो इथून जात होता आणि एवढ्याशा घराला एवढी दिमाखदार खिडकी पाहून त्याला गंमत वाटली. त्याने तिथल्या तिथे पाकिटाच्या पाठीवर स्केच केलं.

इथे बाबांना वुडबद्दल प्रथमच आदर वाटला. आमच्या घरचे सगळे हिशेब, अगदी माझ्या लग्नाचासुद्धा, पाकिटांच्या पाठीवरच झालेत.

"आणि ती दोघं इथे राहायची?" आईने विचारलं.

दोघांपैकी कुणीच राहत नव्हतं. ती वुडची बहीण नॅन, आणि तो त्याचा दाताचा डॉक्टर, बायरन मॅकीबी. दोघं या घरासमोर कधी उभी राहिली नाहीत. इतकंच काय, एकमेकांशेजारीही नाही. त्याने दोघांना वेगवेगळं बसवून रंगवलं. लोक त्यांना नवरा-बायको समजू लागले तेव्हा नॅन वैतागली. ती तिशीची, डॉक्टर साठी उलटलेला! चित्रातली बाई मुलगी आहे, बायको नाही, असं ती सांगत राहिली.

"बरोबर आहे तिचं," आई म्हणाली आणि उगीचच बाबांकडे पाहिलं.

बाबा मात्र भलत्याच विचारात होते. "म्हणजे दाताच्या डॉक्टरच्या हातात दाताळं!" आणि आपल्याच विनोदावर ते इतके हसले, की शेजारच्या एका आजोबांनी त्यांना पाण्याची बाटली पुढे केली.

खरी परीक्षा पुढे होती. शेजारच्या माहिती केंद्रात फोटोसाठी कपडे फुकट मिळतात: त्याचा काळा कोट, तिचा नागमोडी लेसवाला एप्रन, आणि दाताळंसुद्धा. फुकट शब्द ऐकल्यावर आईचा विरोध मावळला. साडीवर एप्रन चढला. कोटात बाबा अंतुल्यांच्या मंत्रिमंडळातल्यासारखे दिसू लागले. मागे रांग होती, त्यामुळे मी घाईत.

"बाबा, हसायचं नाही."

वास्तविक बाबा फोटोत कधीच हसत नाहीत. लग्नाच्या अल्बममधले त्यांचे सगळे चेहरे कोर्टात साक्ष द्यायला आल्यासारखे आहेत. पण त्या दिवशी, न हसणं हीच अट असताना, माणसाला आवरेना. मी फोन उचलला की ते दाताळ्याकडे पाहत आणि खांदे गदगदू लागत.

"अहो, दात मिटा," आई पुटपुटली.

झालं. आता तीही गेली. "दवाखान्यात तर 'आ' करा म्हणतात," बाबा कसेबसे म्हणाले. बायको त्यांना दोन पावलं डावीकडे सरकवत होती, रांगेतली मुलं टाळ्या वाजवत होती, आणि मी "गंभीर! गंभीर!" असं ओरडत तेवीस फोटो काढले. बाविसांत दोघं वाकलेली आहेत. तेविसाव्यात आई नॅनसारखीच नजर दुसरीकडे वळवून उभी आहे आणि बाबा ओठ घट्ट मिटून समोर. अप्रतिम.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं, तेव्हा बायकोने हळूच विचारलं, "खिडकी कुठंय?"

खिडकी बाबांच्या डोक्यामागे होती. अख्खी.

फोटो आता डोंबिवलीत, शोकेसमध्ये, चांदीच्या गणपतीशेजारी आहे. परवा व्हिडिओ कॉलवर आई सांगत होती, की समोरच्या काकूंनी तो निरखून पाहिला आणि विचारलं, "मुलाने तिकडे शेती घेतली वाटतं?"

"मग? बाबा काय म्हणाले?"

"ते कुठे नाही म्हणतायत! काल त्यांना मक्याचा भाव सांगत होते."