सूट मिळतेय ना, मग आकडेमोड कशाला?

लक्ष्मी रोडवर ‘५० + २० टक्के सूट’ अशी पाटी दिसली की सरळ आत शिरा. बाहेर उभं राहून हिशेब मांडू नका. एक तर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून जीव खातो, आणि दुसरं म्हणजे हिशेब जमतो. पन्नास अधिक वीस सत्तर, एवढं पुरे. २,००० च्या साडीचे आधी १,००० होतात, मग ते वीस टक्के उरलेल्या हजारातूनच जातात आणि ८०० मोजावे लागतात, म्हणजे सूट भरते ६० टक्के, असल्या कुजकट शंका गल्ल्यापाशी काढल्यात तर मालक चष्म्यावरून बघतील. ते सत्तर टक्क्यांतही परवडत नाही.

‘तीनवर एक मोफत’ असेल तर चारही कुर्ते उचला. सूट २५ टक्के, आणि तीही एकच कुर्ता हवा असताना.

सोन्याच्या दुकानात मात्र ‘टक्के कशाचे?’ हे चुकूनही विचारू नका. ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ या पाटीत ‘घडणावळीवर’ बारीक अक्षरात असतं, अर्थात ते महत्त्वाचं नसणारच. समजा लाखाचं सोनं आणि १२ टक्के घडणावळ. बारा हजारांतले सहा सुटले. एक लाख बारा हजारांवर ही सूट जेमतेम सव्वापाच टक्के, आणि नुसत्या सोन्यावरचा ३ टक्के जीएसटीच तीन हजार. पण घरी सांगताना ‘अर्ध्यात आणलं’ असंच सांगा. आम्हीही तेच सांगितलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं, सोबत आजी नको. आमची एकदा आली. १,३५० चा पलंगपोस, त्यावर १५ टक्के सूट. दुकानातला पोरगा मोबाइलवर कॅल्क्युलेटर शोधतोय तोवर हिचं सुरू झालं, “शेकडा पंधरा. तेराशेचे एकशे पंच्याण्णव, वरच्या पन्नासाचे साडेसात. दोनशे दोन रुपये आठ आणे सुटले, अकराशे साडेसत्तेचाळीस झाले.” पावकी-निमकी पाठ केलेली पिढी, तिला बॅटरी लागत नाही.

बिल आलं १,१४८ चं.

“आठ आणे राहू द्या आजी,” पोरगा म्हणाला.

“कुणाकडे?”