खुलासा : आइसलँडमधली ‘वेगवेगळी आडनावं’

‘आइसलँडला जाताय? तिथे घरातल्या चौघांची चार आडनावं असतात, कुटुंबव्यवस्था पार मोडलीये’ असा फॉरवर्ड सध्या फिरतोय. पहिला अर्धा भाग खरा, पुढचा निव्वळ पतंग.

तिथे बहुतेकांना आडनावच नसतं. आपण मधे लावतो ते वडिलांचं नाव ते शेवटी लावतात, एवढंच. योनचा मुलगा योन्सन, मुलगी योन्सदोत्तिर. ‘दोत्तिर’ म्हणजे लेक. काही जण आईचं नावही लावतात. लग्नानंतर बायको स्वतःच्याच वडिलांची लेक राहते, म्हणून सुखाने नांदणाऱ्या घरातही दारावर चार नावं. (आपल्याकडे मधलं नावही बदलून घेतात, ते सोडा.)

छापील टेलिफोन डिरेक्टरी निघायची तेव्हा तीसुद्धा पहिल्या नावाने लावलेली असायची. १९८० साली निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष व्हिग्दिस फिन्नबोगादोत्तिर यांनाही लोक नुसतं ‘व्हिग्दिस’च म्हणतात. तेव्हा शेजारच्या सीटवरच्या आजोबांना पहिल्या नावाने हाक मारलीत तर तो उद्धटपणा नाही.

त्याच फॉरवर्डमधलं ‘सगळा देश बर्फाखाली’ हेही चूक. हिमनद्यांखाली साधारण दहावा हिस्सा जमीन आहे.