न्यूयॉर्क विमानाकडे धावत येत नाही

हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल: ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते. मुंबईहून पश्चिमेला निघालात की न्यूयॉर्क आपणहून तुमच्याकडे येतं, पाच तास पुरेत! पण विमान कंपन्या मुद्दाम रशिया-ग्रीनलंडवरून वळसा घालून सोळा तास लावतात आणि पैसे उकळतात. नकाशावर पट्टी ठेवून बघा.’ खाली अर्थातच हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

पृथ्वी फिरते हे खरंच. मुंबईच्या अक्षांशावर ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने. पण तिच्याबरोबर हवाही फिरते, धावपट्टीही आणि तिच्यावर उभं असलेलं विमानही. नाहीतर जुहूहून सरळ वर उठलेलं हेलिकॉप्टर मिनिटभर जागच्या जागी थांबलं, की खाली बघावं तर अरबी समुद्र, किनारा सव्वीस किलोमीटर मागे! आणि परतीचं काय? ताशी ९०० किमीने येणाऱ्या विमानापुढे मुंबई त्याहून जोरात पळत असती. ते बिचारं कधी पोचलंच नसतं. प्रत्यक्षात येतानाच वेळ कमी लागतो. जाताना साधारण सोळा तास, येताना चौदा-साडेचौदा. न्यू जर्सीला भाचा-भाची असलेल्या कुणालाही विचारा.

हा फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते, हिवाळ्यात कधी कधी ताशी २०० किमीच्याही वर. येताना सीटसमोरच्या पडद्यावर वेग हजाराच्या पुढे गेलेला दिसतो. जाताना तेच विमान आठशेच्या घरात रखडतं. (या वाऱ्याला पूर्वेकडे वळवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, एवढं श्रेय मेसेजवाल्याला देऊ.) ऑक्टोबर २०१६मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर जवळपास १,४०० किमीने वाढलं आणि वेळ दोनेक तासांनी घटला, कारण वारा पाठीशी होता.

आता ती पट्टी. सपाट नकाशावरची सरळ रेघ सौदी, इजिप्त, सहारा करत जाते आणि भरते सुमारे १४,२०० किमी. तोच प्रयोग पृथ्वीच्या गोलावर करा. मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोऱ्याची टोकं धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो. मॉस्को, हेलसिंकी, आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी जातो. हे अंतर सुमारे १२,५०० किमी. वळसा पट्टीचाच आहे!

राहिले पैसे. विमानाचं तिकीट रिक्षाच्या मीटरवर चालत नाही, आणि जादा उडालं तर इंधन कंपनीचंच जळतं. खरा वळसा पडतो तो हद्दी बंद झाल्या की. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधन भरायला वाटेत व्हिएन्नाला उतरावं लागलं.